आकाशपाळण्यातला पाळणा स्वतःभोवती फिरतो का?

अकरावीच्या वर्गात गतीचे प्रकार शिकवून झाल्यावर मी मुलांना एक प्रश्न दिला. आकाशपाळणा एकसमान चालीने फिरतो आहे. त्याला लटकलेल्या एका पाळण्याची गती कोणती? पर्याय चार होते : सरळरेषीय स्थानांतरण, वक्ररेषीय स्थानांतरण, घूर्णन (म्हणजे एखाद्या आसाभोवती फिरणं), आणि घूर्णन व स्थानांतरण दोन्ही. बहुतेक मुलांनी ‘घूर्णन’वर खूण केली. काहींनी ‘दोन्ही’ लिहिलं. ‘वक्ररेषीय स्थानांतरण’ लिहिणारी मुलं एका बाकावर मावतील एवढीच होती, आणि त्यातल्या दोघांनी तो अंदाज असल्याचं प्रांजळपणे सांगितलं.

“मॅडम, पाळणा गोल फिरतो की. मग घूर्णनच,” हे एका मुलाचं म्हणणं साऱ्या वर्गाचंच म्हणणं होतं. ते कुठे चुकतं आणि का चुकतं, हे शोधायला आम्ही एकच आकाशपाळणा धरून बसलो. स्थानांतरण गती शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. सरकता ड्रॉवर किंवा सरळ रस्त्यावरची गाडी ही पुस्तकी उदाहरणं बरोबर आहेत, पण त्यात मुलांचा कस लागत नाही. आकाशपाळण्यात लागतो.

चूक येते कुठून?

नववीत मुलं एकसमान वर्तुळाकार गती शिकतात, दहावीत अभिकेंद्री बल. दोन्हीकडे दोरीला बांधून गरगर फिरवलेला दगड असतो, आणि तो दगड म्हणजे एक बिंदू मानलेला असतो. बिंदूला पुढची बाजू, मागची बाजू, डोकं, पाय असलं काही नसतं. त्यामुळे तो कोणत्या वाटेने गेला एवढाच प्रश्न उरतो. पाळणा मात्र बिंदू नाही. त्याला बैठक आहे, पाठ टेकायची जागा आहे, पाय ठेवायची फळी आहे. अशा आकारमान असलेल्या वस्तूबद्दल दोन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात. ती कोणत्या वाटेने गेली? आणि जाताना तिची दिशा बदलली का? मुलं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात. वाट गोल, म्हणजे वस्तू फिरली, असं त्यांचं गणित असतं.

व्याख्या दुसऱ्या प्रश्नावर उभी आहे. दृढ, म्हणजे आकार न बदलणाऱ्या, वस्तूवरचे कोणतेही दोन बिंदू घेऊन त्यांना जोडणारी रेषा कल्पनेने काढा. वस्तू हलत असताना ती रेषा सतत आपल्या मूळ स्थितीला समांतर राहिली, तर गती स्थानांतरणाची. वाट कशी आहे याचा या व्याख्येत उल्लेखच नाही. वाट पुढच्या पायरीला येते, स्थानांतरणाचे प्रकार पाडताना. बिंदू सरळ रेषेत गेले तर सरळरेषीय, वक्र रेषेत गेले तर वक्ररेषीय. आणि तो वक्र वर्तुळ असेल तर त्याला वर्तुळाकार स्थानांतरण म्हणतात. ते वक्ररेषीय स्थानांतरणाचंच एक विशेष रूप. शाळेच्या खालच्या वर्गांत गतीचे प्रकार शिकवताना एकीकडे ‘रेषीय’, दुसरीकडे ‘वर्तुळाकार’ अशी जी मांडणी होते, तिच्यात वाट आणि वस्तूची दिशा यांची सरमिसळ होते. सहावीसातवीसाठी ती चालून जाते. पुढे तीच अडथळा बनते, हे माझं ठाम मत आहे.

पुठ्ठा, दोन पेन्सिली आणि एक बांगडी

तोंडी सांगून हे पटत नाही, म्हणून वर्गात एक छोटा प्रयोग केला. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घेतला आणि त्याला लांबीच्या दिशेने दहा सेंटीमीटर अंतरावर दोन छिद्रं पाडली. दोन्हीत पेन्सिली बसवल्या. आलेखकागदावर बांगडी ठेवून एक वर्तुळ आखून घेतलं. आता पहिली पेन्सिल त्या वर्तुळावरून फिरवायची, पण एक अट पाळून : पुठ्ठ्याची लांब कड आलेखाच्या आडव्या रेषांना कायम समांतर राहिली पाहिजे. जरा सांभाळून करावं लागतं. एकाने पुठ्ठा धरायचा आणि दुसऱ्याने कडेवर लक्ष ठेवायचं.

फेरी पूर्ण झाली की कागदावर दोन वर्तुळं दिसतात. बांगडीचं एक, आणि दहा सेंटीमीटर बाजूला तेवढंच दुसरं. त्रिज्या तंतोतंत सारखी, केंद्रं वेगळी. दोन केंद्रांमधलं अंतर मोजलं तर दोन छिद्रांमधल्या अंतराएवढंच भरतं.

मग तोच पुठ्ठा एका कोपऱ्यात टाचणीने कागदावर खिळवला आणि टाचणीभोवती फिरवला. या वेळीही दोन वर्तुळं उमटली, पण दोन्हींचं केंद्र एकच होतं, ती टाचणी. त्रिज्या मात्र वेगवेगळ्या : टाचणीजवळच्या पेन्सिलीची लहान, दूरच्या पेन्सिलीची मोठी.

साऱ्या प्रकरणाचं मर्म या दोन कागदांत आहे. घूर्णनात केंद्र एक आणि त्रिज्या अनेक. वर्तुळाकार स्थानांतरणात त्रिज्या एक आणि केंद्रं अनेक. शिवाय घूर्णनात टाचणीची जागा स्थिर राहते, तिथली चाल शून्य असते. स्थानांतरणात वस्तूवरचा एकही बिंदू मागे राहत नाही. एका क्षणी सगळ्यांचा वेग, म्हणजे चाल आणि दिशा दोन्ही, अगदी सारखा असतो.

हीच कसोटी आकाशपाळण्याला लावा. मधल्या आसापासून निघालेले लोखंडी आरे आसाभोवती फिरतात. आऱ्याचं एक टोक जवळजवळ जागेवरच, दुसरं भरधाव. आरा कधी आडवा, कधी उभा, कधी उलटा. हे घूर्णन. आऱ्याच्या टोकाला पिनेवर लटकलेला पाळणा मात्र तळाशी असो की माथ्यावर, बैठक खाली आणि बसलेल्याचं डोकं वरच. पूर्वेकडे तोंड करून बसलेला माणूस अख्खा फेरा पूर्वेकडेच बघत असतो. पाळण्याचं खरोखर घूर्णन झालं असतं तर माथ्यावर पोहोचलेला प्रत्येक माणूस पाय वर, डोकं खाली अशा अवस्थेत सापडला असता. हे ऐकल्यावर वर्गात जी हालचाल झाली, त्यातच अर्ध्याअधिक मुलांनी आपलं उत्तर बदललं.

माणसाचं डोकंही वर्तुळात जातं आणि पायही, पण त्या वर्तुळांची केंद्रं वेगळी आहेत. पाय पिनेच्या खाली दीड मीटरवर असतील, तर पायांच्या वर्तुळाचं केंद्र चाकाच्या आसाखाली दीड मीटरवर, नुसत्या हवेत असतं. तिथे कोणताही आस नाही, कसलाही आधार नाही.

जत्रेत जाऊन मोजमाप

आमच्या सातारा जिल्ह्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, आणि यात्रा म्हटली की आकाशपाळणा आलाच. मोजमाप करायला त्याहून सोयीची प्रयोगशाळा नाही. मुलांच्या मोबाइलमध्ये कोनीय वेग, म्हणजे वस्तू सेकंदाला किती अंश वळते ते, मोजणारा गायरोस्कोप आणि त्वरण मोजणारा संवेदक असतो. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत ॲप त्या संवेदकांची नोंद थेट आलेखात दाखवतं. मोबाइल पाळण्याच्या बैठकीला चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि नोंद सुरू केली.

पाळणेवाल्याने आऱ्याची लांबी २० फूट सांगितली, म्हणजे सुमारे ६ मीटर. पूर्ण गतीत एक फेरा १२ सेकंदांचा. यावरून पाळण्याची चाल निघते : २ × ३.१४ × ६ भागिले १२, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.१४ मीटर. चाकाचा कोनीय वेग सेकंदाला ३० अंश. मोबाइल आऱ्याला बांधला असता तर गायरोस्कोपने हेच ३० अंश अखंड दाखवले असते. पाळण्यातल्या मोबाइलची रेषा मात्र शून्याच्या आसपास वरखाली डोलत राहिली. शेजारच्या घोड्यांच्या मेरी-गो-राउंडवर तोच मोबाइल ठेवला, तेव्हा रेषा शून्यापासून दूर एका किमतीवर जाऊन स्थिर झाली. लाकडी घोड्याचं तोंड फेऱ्याबरोबर दिशा बदलतं. तो तबकडीला खिळलेला असतो आणि तबकडीसह घूर्णन करतो. दोन्ही खेळण्यांत वाट वर्तुळच आहे, तरी गतीचा प्रकार वेगळा.

पण पाळण्याची रेषा शून्यावर सपाट का नव्हती? एका विद्यार्थिनीने नेमकं हेच विचारलं, आणि या प्रश्नाला झटकून टाकणं योग्य नव्हतं. पाळणा पिनेवर मोकळा लटकतो, म्हणजे तो एक लंबकही आहे. पिनेला कायम केंद्राकडे त्वरण असतं : कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, आमच्या पाळण्यासाठी सुमारे १.६४ मीटर प्रति सेकंद वर्ग. पाळणा बाजूला, आसाच्या उंचीवर असताना हे त्वरण पूर्णपणे आडवं असतं. तेव्हा पाळण्याचा तळ जरासा बाहेरच्या अंगाला झुकतो. १.६४ भागिले ९.८ हे त्या कोनाचं स्पर्श-गुणोत्तर (tan), म्हणजे कोन साधारण साडेनऊ अंश. समोरच्या बाजूला गेल्यावर तितकाच उलट दिशेला. माथ्यावर आणि तळाशी झुकाव नाही. थोडक्यात, खरा पाळणा वर्तुळाकार स्थानांतरण करता करता थोडा डोलतोही. त्या डोलण्याची बेरीज एका फेऱ्यात शून्य होते. आऱ्याची ३६० अंश होते. भौतिकशास्त्रात शुद्ध प्रकार बहुधा कागदावरच सापडतात. प्रत्यक्षात मुख्य गती कोणती आणि तिच्यावर चढलेली किरकोळ गती कोणती, हे वेगळं काढता आलं पाहिजे. म्हणून ‘दोन्ही’ लिहिणाऱ्या मुलांना मी विचारलं, तुमच्या डोळ्यांसमोर डोलणं होतं का? नव्हतं. त्यांना आऱ्यांचं फिरणंच पाळण्यात दिसत होतं.

पोटात गोळा कुठे येतो?

गतीचा प्रकार ठरवून करायचं काय, असा प्रश्न मुलांच्या मनात असतोच. उत्तर सोपं आहे आणि फार कामाचं आहे. स्थानांतरणात वस्तूच्या प्रत्येक बिंदूचं त्वरण एकच असतं, म्हणून सबंध वस्तू एका बिंदूत गोळा झाली आहे असं समजून न्यूटनचा दुसरा नियम थेट लावता येतो. जडत्व आघूर्णाची, म्हणजे वस्तुमान आसापासून कसं पसरलं आहे याच्या हिशोबाची, भानगड नाही. गतिज ऊर्जाही नुसती अर्धं वस्तुमान गुणिले चालीचा वर्ग. दोरीच्या दगडासाठी शिकलेलं सगळं गणित पाळण्याला लागू पडतं ते याच कारणाने. मघाची चूक सुधारल्यावर तेच गणित हक्काने वापरता येतं.

५० किलोग्रॅमची मुलगी पाळण्यात बसली आहे. माथ्यावर तिचं त्वरण खाली, केंद्राकडे १.६४. म्हणून बैठक तिला ५० × (९.८ − १.६४), म्हणजे ४०८ न्यूटन बलाने वर ढकलते. तळाशी त्वरण वरच्या दिशेने, म्हणून ५० × (९.८ + १.६४), ५७२ न्यूटन. तिने बैठकीवर वजनकाटा ठेवला असता तर माथ्यावर साधारण साडेएकेचाळीस किलो दिसले असते आणि तळाशी साडेअठ्ठावन्न.

आता मुलांना विचारलं, सगळ्यात हलकं कुठे वाटतं? जवळपास सगळे म्हणाले, पाळणा अर्ध्यावरून खाली येत असतो तेव्हा. कारण तिथे खाली येण्याचा वेग सर्वांत जास्त असतो. पण आसाच्या उंचीवर उभ्या दिशेने त्वरणच नसतं, ते आडवं असतं. तिथे बैठकीचा उभा आधार वजनाएवढाच, ४९० न्यूटन. शरीराला वेग कळत नाही, त्वरण कळतं. मोबाइलच्या आलेखातही खळगा माथ्यावर होता आणि उंचवटा तळाशी. माथा ओलांडताना पोटात गोळा येतो, आणि तिथून खाली डोकावल्यावर भीती वाटते. या दोन गोष्टी पाठोपाठ घडतात म्हणून उतरणीच्या नावावर जमा होतात.

हेच गणित पिनेचं आहे. माणसांसकट ४०० किलोग्रॅमचा पाळणा धरला, तर पिनांवरचं बल माथ्यावर सुमारे ३,२६० न्यूटन आणि तळाशी सुमारे ४,५८०. दर १२ सेकंदांनी हा चढउतार. रोज शेकडो फेरे मारणाऱ्या चाकाच्या पिना आणि त्यांचे बुश वेळोवेळी तपासून वंगण का द्यायचं, हे या आकड्यांवरून समजतं. पिन गंजून घट्ट झाली तर घर्षणामुळे आरा पाळण्याला आपल्याबरोबर ओढू लागतो, पाळणा तिरपा होतो, आणि स्थानांतरणात घूर्णन मिसळायला लागतं. तिथे हा प्रकारांचा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही, बसलेल्या माणसाच्या जिवाशी येऊन ठेपतो.

शिकागो आणि लंडन

मोठ्या आकाशपाळण्याची आधुनिक परंपरा १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापासून धरतात. जॉर्ज फेरिस या अभियंत्याने तिथे उभारलेलं चाक २६४ फूट उंच होतं. त्याला ३६ डबे होते आणि एका डब्यात ६० माणसं मावत. आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखेच ते डबेही लटकलेले. सरळ राहण्याचं काम गुरुत्वाकर्षणच करत होतं.

लंडनमधल्या टेम्स नदीकाठच्या ‘लंडन आय’ची रचना वेगळी आहे. उंची १३५ मीटर, ३२ बंदिस्त काचेच्या कुप्या, एक फेरा साधारण अर्ध्या तासाचा. कुप्या चाकाच्या परिघाला लटकलेल्या नसून बाहेरच्या अंगाला कड्यांमध्ये बसवलेल्या आहेत. त्या सरळ राहाव्यात म्हणून विजेच्या मोटारी त्यांना चाकाच्या उलट दिशेने तेवढ्याच कोनीय वेगाने फिरवत राहतात. चाकाचं घूर्णन वजा मोटारीचं घूर्णन, बाकी शून्य. वर्तुळाकार स्थानांतरण यंत्राने घडवायचं तर ते असं. चाक इतकं सावकाश फिरतं की केंद्राकडचं त्वरण गुरुत्व त्वरणाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी भरतं. त्यामुळे तिथे पोटात गोळा येण्याचा प्रश्नच नाही, आणि चाक चालू असतानाच माणसं चढतात-उतरतात.

याच्या उलट टोकाचं उदाहरण चंद्राचं. तो पृथ्वीभोवती फिरताना कायम एकच बाजू आपल्याकडे ठेवतो. मुलं यावरून ‘चंद्र स्वतःभोवती फिरत नाही’ असं म्हणतात, पण ते मेरी-गो-राउंडच्या घोड्याचं प्रकरण आहे. पृथ्वीभोवती एका प्रदक्षिणेत चंद्र स्वतःभोवतीही एकदा फिरतो, दोन्हींना सुमारे २७.३ दिवस लागतात. चंद्राने पाळण्यासारखं निव्वळ स्थानांतरण केलं असतं तर महिन्याभरात त्याच्या सगळ्या बाजू आपल्याला अंगणातून दिसल्या असत्या, आणि पलीकडच्या बाजूचं पहिलं छायाचित्र मिळवायला १९५९ सालच्या सोव्हिएत ल्यूना-३ यानाची वाट पाहावी लागली नसती.

यानंतर मी प्रश्नाची रचना बदलली. आता चार पर्याय देण्याऐवजी कोणत्याही वस्तूसाठी आधी दिशा विचारते, मग वाट. इमारतीची लिफ्ट : दिशा तीच, वाट सरळ. घाटातल्या वळणावरची एसटी : वाट वक्र, पण गाडीचं तोंड वळतं, म्हणून निव्वळ स्थानांतरण नाही. वाफेच्या इंजिनाची चाकं जोडणारा आडवा दांडा : चाकं गरगरतात, तो रुळांना समांतरच राहतो, म्हणून वक्ररेषीय स्थानांतरण. सरकत्या जिन्याची पायरी एका मुलानेच सुचवली, आणि ती या सगळ्यांत सरस आहे. पायरी आधी आडवी जाते, मग वाकून तिरकी चढते, वर पुन्हा आडवी होते, आणि या सबंध प्रवासात तिचा पृष्ठभाग जमिनीला समांतर असतो. सरळरेषीय आणि वक्ररेषीय स्थानांतरण एका पाठोपाठ एक. वरच्या टोकाला ती फटीत शिरली की मात्र साखळीबरोबर उलटी होते आणि परतीच्या वाटेवर पालथी जाते. म्हणजे नजरेआड झाल्यावर तिचं घूर्णन सुरू होतं.